नसलेल्या भिंतीला वळसा

"तिथे काही नाहीये हो. नकाशात तो सगळा भाग पांढराच आहे."

दादा फोनवर कुणाला तरी जर्मनमध्ये सांगत होते. मी ऑफिसच्या छोट्या किचनमध्ये कप धुऊन झाल्यावरही नळ चालू ठेवून उभी राहिले. बाहेर गेले असते तर त्यांनी मला पाहिलं असतं, आणि 'काय गं, काय झालं?' असं विचारलं असतं.

दादा म्हणजे जर्मनीतल्या आमच्या आखनच्या ऑफिसातलं माझ्याशिवायचं एकमेव मराठी माणूस. साताऱ्याकडचे, मेकॅनिकल इंजिनिअर. पवनचक्क्या नेमक्या कुठे उभ्या करायच्या हे ते ठरवायचे. उभ्या राहिल्यावर त्या कशा दिसतील याची चित्रं मी करायची. मी तेव्हा युनिव्हर्सिटीत शिकत होते आणि आठवड्यातले काही तास हे काम करायचे. ते मला आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे. ठरलेल्या जागी जायचं, तिपाईवर कॅमेरा लावायचा, आपण कुठे उभे आहोत ते यंत्रावर अचूक टिपायचं आणि फोटो काढायचा. मग कॉम्प्युटरवर त्या फोटोत अजून नसलेल्या पवनचक्क्या उभ्या करायच्या. जुन्या वास्तू जपणारं खातं ती चित्रं पाहून सांगायचं, हे चालेल, हे नाही. त्या खात्याच्या नकाशात जुनी चर्चेस, पाणचक्क्या, एखादं जुनं लिंडनचं झाड रंगवलेलं असतं. पांढरं म्हणजे जपण्यासारखं काही नाही.

दादा खोटं बोलत नव्हते. तिथे खरंच काही नव्हतं. एके काळी तिथे एक गाव होतं आणि गावाखाली तपकिरी कोळसा होता. गाव उठवलं, घरं पाडली, चर्च पाडलं, आणि जमीन खणत खणत इतकी खोल नेली की वरून पाहिलं तर तळातली यंत्रं खेळण्यांएवढी दिसायची म्हणे. कोळसा संपला तसा खड्डा मातीने भरत आणला, वर चांगली माती पसरली आणि त्यावर शुगर बीट लावलं. सपाट, नीटनेटकं शेत. कडेला एकाच वर्षी लावलेली, एकाच उंचीची झाडं. आता तिथे पवनचक्क्या यायच्या होत्या.

गावातली माणसं थोड्या अंतरावरच्या नव्या गावात राहायला गेली होती. गावाचं नाव तेच, गल्ल्यांची नावं तीच. आखनमध्ये खोली मिळणं कठीण, म्हणून मीही त्याच नव्या गावात एका आजींच्या घराच्या माळ्यावर राहायचे. मनात त्यांना आजी म्हणायचे. तोंडाने काहीच नाही. त्या मला जर्मन रीतीप्रमाणे 'झी', म्हणजे 'तुम्ही'च म्हणायच्या.

त्या गावात मला सुरुवातीला झोप लागायची नाही. सगळी घरं एकाच वयाची होती. एकही भिंत वाकलेली नाही, एकही पायरी झिजलेली नाही. चर्चच्या नावाने एक बुटकी, कचेरीसारखी इमारत होती आणि तिच्यात जुन्या चर्चची घंटा टांगली होती. एवढ्याशा इमारतीतून तिचा आवाज इतका मोठा यायचा की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी वर पाहिलं, आवाजाच्या मापाचा मनोरा शोधत.

आजींच्या घरातही जुन्या गावातलं असं एक काहीतरी होतं. तळघराकडे जाणाऱ्या बोळात, समोरच्या भिंतीवर, एक जुनं ओक लाकडाचं दार बसवलेलं होतं. पाडलेल्या घराचं पुढचं दार. कुलूप, मूठ, पत्र टाकायची फट, सगळं होतं. उघडलं तर मागे भिंत. आजी दर शनिवारी त्याची पितळी मूठ घासून लख्ख करायच्या. मी कपडे धुवायला खाली जायचे तेव्हा त्या दाराकडे पाठ करायचं टाळायचे.

मी कुठे काम करते ते आजींना ठाऊक होतं. ऑक्टोबर संपत आला होता. एका संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"आल्झो, म्हणजे तर, तुमच्या त्या पवनचक्क्या," त्या म्हणाल्या. "एक विचारायचंय. रागावू नका, मी त्या विरोधवाल्यांमधली नाही. ते लोक शहरातून आलेत आणि आता म्हणतात, आमचा देखावा बिघडेल. कसला देखावा? हा देखावा माझ्यापेक्षा लहान आहे."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यांनी जे सांगितलं ते इतकंच होतं. त्या लहान असताना त्यांच्या आईला एक मुलगा झाला होता, मेलेलाच. बाप्तिस्मा झाला नव्हता, त्यामुळे पाद्रीबाबांनी त्याला दफनभूमीत जागा दिली नाही. वडिलांनी पहाटे त्याला चर्चमागच्या भिंतीबाहेर, उत्तरेच्या कोपऱ्यात पुरलं. त्यावर ना दगड, ना नाव. पुढे गाव उठलं तेव्हा सगळी थडगी उकरून नव्या गावात नेली. एकूणएक. फक्त हे कुणाच्याही यादीत नव्हतं. "आई तेव्हा होती. ती म्हणाली, गप्प बस. मी बसले."

"आता तिथे काही नाही, ते मला कळतं," आजी म्हणाल्या. "ती माती कुठल्या ढिगात गेली देव जाणे. पण जागा तर कुठेतरी असेल ना? एकदा दिवा लावायचाय. आणि त्या जागेवर तुमचा खांब यायला नको, एवढंच. तुम्ही बघू शकाल का?"

"बघते," मी म्हणाले.

बघणं सोपं होतं. जुन्या गावाचे विमानातून काढलेले फोटो आमच्याकडे होतेच. मी एक उघडला, आजच्या शेतावर बसवला आणि त्यावर दादांचा आराखडा ठेवला. दिवसभर मी पुढे होणाऱ्या गोष्टी चित्रात घालत असे. होऊन गेलेली गोष्ट पहिल्यांदाच घालत होते. फोटो सकाळचा असावा. चर्चच्या मनोऱ्याची लांब सावली छपरांवरून, भिंतीवरून पलीकडे गेली होती. चौकात ठिपक्यांएवढी माणसं होती. भिंतीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, बाहेरच्या बाजूला, सावलीच्या टोकाशी दादांचं लाल वर्तुळ आलं. तिसरी पवनचक्की. मी फोटो काढून पुन्हा बसवला. वर्तुळ तिथेच राहिलं.

अजून एक गोष्ट दिसली, ती मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही. भरलेली जमीन जुन्या जमिनीपेक्षा खाली होती. कोळसा गेला तेवढी माती परत कुठून येणार? म्हणजे आज त्या शेतात कुणी उभं राहिलं, तर गावातल्या लोकांची पावलं त्याच्या डोक्यावरून जात असती.

मी दादांच्या टेबलापाशी गेले.

"दादा, ती तिसरी चक्की."

"काय झालं? उडाली?"

"जुन्या दफनभूमीच्या भिंतीला लागून येतेय."

"मग? थडगी हलवली की सगळी."

"एक सोडून."

त्यांनी हात वर केला. "थांब. मला सांगू नकोस. तू सांगितलंस की मला कळणार. कळलं की मला लिहावं लागणार. आणि पुढच्या शुक्रवारी परवानगीचा अर्ज जातोय, बाई माझे."

मी थांबले. थांबणं मला येतं. आमच्या इंग्लिश मीडियम शाळेत मराठीत बोललं की ओरडा बसायचा, आणि इंग्लिश धड येत नसे, त्यामुळे मी सर्वात आधी गप्प राहायला शिकले. पण मी गेले नाही म्हणून दादांनाच राहवलं नाही.

"हे बघ, आमच्याकडे पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा मध्ये म्हसोबा होता. शेंदराचा दगड. कंत्राटदाराने नारळ फोडला, गावाला बोकडाचं जेवण घातलं, दगड उचलून ओढ्यापलीकडे नेऊन ठेवला. देव खूश, गाव खूश. इथे उचलायला दगड तरी आहे का?"

"तुम्ही खूश होतात?"

"मी लहान होतो गं. मला जेवण आवडलं." मग ते स्क्रीनकडे वळले. "आमची आई अजून जुन्याच जागी हात जोडते. आता तिथे खांब आहे, तर खांबाला. मी म्हटलं, अगं, म्हसोबा पलीकडे गेला. ती म्हणते, गेला असेल, मी नाही गेले."

"हलवता येते का ती? तिसरी?"

"शुक्रवारपर्यंत येते थोडीफार. नंतर आवाजाचा, सावलीचा सगळा अभ्यास परत. पण उगाच कोण हलवेल? कुणीतरी मागायला हवं. गावातलं कुणीतरी. तोंड उघडून." ते पुन्हा कामाला लागले. "तू काय आता चर्च बांधतेस की काय, जा, फोटो राहिलेत तुझे."

त्यानंतर मी आजींना टाळत होते. दादांचा तो 'पांढऱ्या भागा'चा फोन मी किचनमधून ऐकला तो याच दिवसांत. त्यांच्या टीव्हीचा आवाज चालू असेल तेव्हाच जिना उतरायचे. सांगितलं तर काय होईल? त्या मागतील आणि जागा हलेल, किंवा मागतील आणि कुणी ऐकणार नाही. मग काँक्रीट ओतताना त्या रोज खिडकीतून बघत बसतील. नाही सांगितलं तर काय? मला ते ठरवता येईना. टेबलावर तो फोटो उघडला की माझी नजर आपोआप त्या कोपऱ्यावर जायची, आणि एकदा मला वाटलं की सावली आदल्या दिवसापेक्षा लांब झाली आहे. अर्थातच झाली नव्हती.

नोव्हेंबर लागला. इथे त्या दिवसांत लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर लाल काचेचे दिवे ठेवतात. त्याच आठवड्यात मला शेतातले फोटो काढायचे होते. सकाळी मी तिपाई आणि जागा टिपायच्या यंत्राची काठी घेऊन निघाले, तर आजी कोट घालून, पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. पिशवीत दिवा होता.

"मीही येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही 'बघते' म्हणाला होतात."

बसमधून उतरलो तेव्हा धुकं होतं. फोटो निघण्यासारखा नव्हताच. मी तसं म्हटलं. "या," म्हणून आजी चालू लागल्या.

शेताच्या कडेला, गाड्या लावायच्या जागेजवळ, एक दगड उभा केलेला आहे. त्यावर जुन्या गावाचं नाव आणि कोरलेलं चर्च. 'इथे आमचं गाव होतं,' असं काहीसं लिहिलेलं. वर्षातून एकदा जुने गावकरी तिथे जमतात, गातात, गरम वाइन पितात. आजींनी दगडावर हात ठेवला.

"हा चौक," त्या म्हणाल्या. "आता मला रस्ता माहीत आहे."

आणि त्या शेतात शिरल्या. बीट काढून झालं होतं, माती ओली आणि उघडी होती. चारी बाजूंना पांढरं. त्या सरळ चालल्या, मग एकाएकी थांबून काटकोनात डावीकडे वळल्या. थोडं पुढे जाऊन पाय उंच उचलून टाकला, पायरी असल्यासारखा. एका जागी त्यांनी उजवीकडे बघून मान लववली. पुढे त्या कडेला थांबल्या, दोन्हीकडे पाहिलं, आणि मग पलीकडे गेल्या.

"इथे ट्रॅक्टर जोरात येतात," मागे न बघता त्या म्हणाल्या.

मी मागे पडले होते. त्यांना गाठावं म्हणून मी तिरकी निघाले.

"तिथून नाही," आजी म्हणाल्या. त्यांची पाठ माझ्याकडेच होती. "तिथे भिंत आहे."

मी परत फिरले. खोटं का सांगू, त्या भिंतीला वळसा घालून गेले.

हातातल्या काठीवरचं यंत्र सगळा वेळ चालू होतं. त्याला जोडलेल्या टॅबलेटवर तो जुना फोटो होता आणि त्यावर आमचा निळा ठिपका. बराच वेळ मी तिकडे बघितलं नव्हतं. आता बघितलं. ठिपका रस्त्यावर नव्हता. आजी वळत होत्या ती सगळी वळणं बरोबर होती, अंतरंही बरोबर होती, पण आख्खी वाट एका शेताच्या रुंदीएवढी सरकलेली होती. ठिपका छपरांवरून चालला होता. आम्ही लोकांच्या स्वयंपाकघरांतून, गोठ्यांतून, कुणाच्या तरी पलंगाच्या जागेतून जात होतो. त्या कडेला थांबून ट्रॅक्टर बघत होत्या तेव्हा आम्ही एका घराच्या मधोमध उभ्या होतो.

चूक दगडाची होती. तो चौकात उभा केलेलाच नव्हता. गाड्या लावायला जागा होती तिथे केला होता. इतकी वर्षं सगळं गाव तिथे जमून गात होतं, आणि तो चौक नव्हता.

तेवढ्यात घंटा वाजली. नव्या गावातली, पण धुक्यात ती जवळ वाटली. आजींनी मान समोर उचलली, त्यांच्या हिशेबाने चर्च असायला हवं होतं तिकडे. आवाज मागून येत होता. त्यांनी मान तशीच ठेवली. घंटा संपेपर्यंत त्या नसलेल्या मनोऱ्याकडे बघत राहिल्या. मीही पाहिलं. धुक्यात तिथे काहीतरी अधिक पांढरं आहे असं वाटू लागलं, तेव्हा मी नजर खाली वळवली.

"ही दफनभूमीची भिंत," त्या हात आडवा फिरवत म्हणाल्या, आणि तो हात तसाच धरून, भिंतीवरून बोटं नेत असल्यासारख्या, पुढे चालत गेल्या. "आणि हा कोपरा."

त्या वाकल्या. दिवा मातीत घट्ट रोवला. उभं राहायला त्यांना वेळ लागला, मी हात दिला. आसपास काही नव्हतं. एका बाजूला, बरंच लांब, धुक्यातून एक गुलाबी फीत दिसत होती. मोजणीवाल्यांनी तिसऱ्या चक्कीच्या जागेच्या मध्यावर ठोकलेली खुंटी.

आजींनीही ती पाहिली. "ती तुमची ना?"

मी हो म्हणून मान हलवली.

"बघा, केवढी लांब आहे." आणि पहिल्यांदाच मी त्यांचा चेहरा सैल झालेला पाहिला. त्या एकदम थकलेल्या आणि तरुण दिसल्या. "मी उगाच घाबरत होते. फिरू देत तुमची पाती. कोळशाने आम्हाला उठवलं. वारा निदान कुणाला उठवत नाही. दर वर्षी येईन मी इथे. जमेल तोवर."

त्यांनी काडेपेटी काढली. काड्या दमट झाल्या होत्या, पेटेनात. मी बघत उभी होते. टॅबलेटवर आमचा ठिपका कुणाच्या तरी परड्यात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी होता. खरा कोपरा त्या गुलाबी फितीखाली होता. नुसतं गप्प राहिलं की झालं. दिवा पेटेल, आजी घरी जातील, अर्ज शुक्रवारी जाईल. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. त्यांना एक जागा मिळाली होती, मोकळी, कुणी हात न लावणारी. खुंटीपाशी ज्याला पुरलं होतं त्याच्याबद्दल तर नाहीतरी सगळे गप्पच राहिले होते. पाद्रीबाबा, वडील, आई, त्या स्वतः. त्यात आता मी.

तिसरी काडी पेटली. आजींनी ती हाताच्या आडोशात धरली, पण दिव्याला लावली नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे माझ्या हातातल्या काठीकडे.

"तुमचं यंत्र काय म्हणतं?"

मी टॅबलेटकडे पाहिलं. काडी जळत त्यांच्या बोटांपर्यंत आली. त्यांनी ती टाकली आणि आणखी एक काढली, घाई न करता. मी बोलायच्या आधी त्या ती ओढणार नव्हत्या, हे मला दिसत होतं.

"इथे नाही," मी म्हणाले. "त्या खुंटीपाशी. आणि खुंटी अजून हलवता येते, पण ते तुम्हाला मागावं लागेल. चला, मी येते तुमच्याबरोबर."